वावर आणि ताट : पांढुर्णा-सौसरची एक फेरी

इंदूरहून नागपूरकडे जाणारी गाडी रात्री इटारसी सोडते, आणि घोडाडोंगरी, बैतूल, आमला ही स्थानके झोपेतच मागे पडतात. मुलताईला मात्र आम्ही जागे असतो. तापीमाईच्या उगमाला खिडकीतूनच हात जोडायचे, ही आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे. मग चिचोंडा-तिगावचा घाट लागतो, गाडी सातपुड्याच्या कडेने सावकाश खाली उतरते, आणि पांढुर्ण्याच्या फलाटावर चहावाला 'लीजिए बाबूजी' म्हणायच्या ऐवजी 'घ्या जी' म्हणतो. मध्यप्रदेशातच उतरून मराठी कानी पडण्याचे हे सुख आम्हांस दर खेपेला नवेच वाटते.

बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला निशाण बांधतात, आणि पांढुर्णा व सावरगाव ही दोन्ही तीरांवरची माणसे एकमेकांवर दगड चालवितात. वर्तमानपत्रे त्या एका दिवसापुरती येथे येतात आणि जातात. सौसरची ख्याती त्याहून सौम्य. जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक लोटतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी मोडली, आणि घरात मराठी बोलणाऱ्या ह्या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिल्या. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या मासिकाच्या वाचकांना, विशेषतः ज्यांची मुले-सुना भोपाळच्या वल्लभ भवनात फायली हाताळतात त्यांना, ह्या नव्या आणि लहानशा जिल्ह्याविषयी काही सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त घरगुती होते. सौसरजवळच्या एका खेड्यात आमची धाकटी आत्या राहते. वय शहाऐंशी, दृष्टी मंद, स्मरण मात्र लख्ख. तिने निरोप धाडला, 'एकदा येऊन जा, मग नंतर म्हणशील आत्यानं बोलावलं नाही.' असा निरोप आल्यावर मनुष्य घरी कसा बसेल? मार्गशीर्षात आम्ही व आमच्या सौभाग्यवती निघालो.

पांढुर्ण्याहून सौसरकडे जाताना दुतर्फा संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळे उतरत होती. रस्त्याकडेला हिरव्या-पिवळ्या राशी, त्यांभोवती निवड करणाऱ्या बाया, आणि माल भरून उभे असलेले ट्रक. बागांच्या मधून फुटलेली पराटी, नुकताच उगवलेला गहू-हरभरा, कापून झालेल्या सोयाबीनची मोकळी रानेच राने. तूर कोठे कोठे पिवळी फुलली होती. सबंध वाटेत ज्वारीचे उभे वावर आम्हांस दोनच ठिकाणी दिसले. एकाच्या मधोमध जुन्या लुगड्याचे बुजगावणे होते. सौभाग्यवती म्हणाल्या, 'हे माझ्या माहेरचे रान वाटते.' त्यांचे माहेर नरखेडकडचे, म्हणजे येथून सीमा ओलांडली की लगेच.

आत्याच्या ओसरीवर बसल्यावर आम्ही ज्वारीचाच विषय काढला. ती हसली.

'बापू, ज्वारी पेराची कशी? पाखरं राखाले माणूस कुठून आणाचा? पोट्टे शाळेत जातेत, माणसं बोरगावच्या कारखान्यात. रात्री रानडुक्कर येते, दिवसा रोही. सोंगाले मजूर सापडत नाही. मंग कोण पेरते?'

येथे दोन शब्द खुलाशाचे. रोही म्हणजे नीलगाय, आणि सोंगणे म्हणजे कापणी. आत्याची ही बोली आमच्या नातवंडांना समजत नाही. तिच्याच घरातला पणतू शाळेत हिंदी शिकतो, आणि बरबटी म्हणजे काय, हे त्याला विचारले तर तो आईकडे पाहतो. बरबटी म्हणजे चवळी. ती आता घरच्या वावरात नाही, म्हणून तो शब्दही त्याच्या तोंडी नाही.

मग आत्याने तिच्या सासऱ्यांच्या वेळचे वावर आम्हांस बोटांवर मोजून दाखविले. तिफणीने ज्वारी पेरायची. मागून सरत्याने तुरीचे तास सोडायचे. ज्वारीच्या बियाण्यातच मूठमूठ मूग आणि बरबटी मिसळलेली. धुऱ्याला अंबाडी. पराटीतही ठरावीक तासांनंतर तुरीचे तास हवेच. कुंपणावर पोपटीच्या शेंगांचा वेल, परसात लाल माठ आणि सांबार. (इंदूरकरांनी दचकू नये, ह्या मुलखात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) जवस आणि लाखोरी हिवाळ्यात. पहिल्या पावसानंतर तरोटा आणि पुढे चिवळ ह्या भाज्या तर पेराव्याही लागत नसत, डवरणीच्या वेळी बाया त्या ओच्यात भरून आणीत. मूग दोन-अडीच महिन्यांत हाती येई, ज्वारी दिवाळीच्या पुढेमागे, तूर पौष-माघात. पाऊस मध्येच दगा देऊन गेला तरी सगळी पिके एकदम बुडत नसत.

आम्ही शेतीशास्त्राचे पदवीधर. आत्या बोलत होती आणि आमच्या डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तकाची पाने उलटत होती. तुरीचे मूळ खोल जाते, ज्वारीचे वरच्या थरात पसरते, म्हणून दोघींचे भांडण होत नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, तिचा पाला गळून जमिनीत मिसळतो. ज्वारीचा कडबा बैलाला, बैलाचे शेण उकिरड्याला, उकिरडा पुन्हा वावराला. ह्या व्यवस्थेला आज जगभरचे शास्त्रज्ञ ॲग्रोइकॉलॉजी म्हणतात. आपण परिसरशेती म्हणू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने रोमला २०१४ साली तिच्यावर पहिली मोठी परिषद भरविली. आत्याच्या सासऱ्यांना रोम ठाऊक नव्हते.

रात्री पाने मांडली. गव्हाच्या पोळ्या, भात, बटाट्याची भाजी, वरण. पाहुणे म्हणून आमच्यासाठी दुकानातून श्रीखंडही आणले होते. वरणाची डाळ कोठली, असे सहज विचारले, तर आतेभाऊ ओशाळून म्हणाला, 'बाजारची. किलो-किलो आणतो.' ज्याच्या नावावर सात एकर काळी जमीन आहे तो तूरडाळ किलोने विकत आणतो, हे ऐकून घास क्षणभर हातातच राहिला. त्याच्याकडे तीन एकर संत्रा, बाकी सोयाबीन आणि थोडी पराटी. बाग तो बहारातच व्यापाऱ्याला उभी देऊन मोकळा होतो. मग झाडावरचे फळ व्यापाऱ्याचे. घरातल्या मुलांनी खायचे ते गळालेले. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन असते, पण ते पोते अंगणातून थेट मंडीत जाते. तेल गिरणीत निघते, पेंड कोंबड्यांना किंवा परदेशी. घरात राहते ती रक्कम.

आतेभावाची सून सहा महिन्यांची गरोदर होती. आमच्या सौभाग्यवतींनी तिचे कार्ड पाहिले, रक्त ८.६. लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, ती घेतही होती. चुलीपासून उठताना तिने भिंतीचा आधार घेतला, तो आम्हा दोघांनाही दिसला. ती एकटी नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्यप्रदेशातल्या स्त्रियांपैकी ५४.७ टक्के आणि पाच वर्षांखालच्या बालकांपैकी ७२.७ टक्के रक्तक्षयी आढळली. शंभरांतली जवळजवळ ३६ बालके वयाच्या मानाने खुजी. हे आकडे सबंध राज्याचे आहेत, आणि आदिवासी मुलखातली स्थिती मनात आणून आपण ते वाचतो. सात एकरांच्या, दूरदर्शन संच आणि मोटारसायकल असलेल्या मराठी घरातही त्यांतला एक आकडा चुलीपाशी बसलेला असेल, अशी आमची कल्पना नव्हती.

येथे ज्वारीचा गौरव करताना आम्ही तोल सोडू इच्छीत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत लोह सुमारे ४ मिलिग्रॅम, कोंड्यासकट गव्हाच्या पिठातही तेवढेच, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे भाकरीच्या जागी पोळी आली म्हणून आकाश कोसळले नाही; भात वाढला तेथे मात्र तूट पडली. खरी हानी झाली ती भाकरीबरोबर जे पानात येत असे त्याची : मुगाचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, बरबटीची उसळ, चिवळ. आंबट भाजीतले क जीवनसत्त्व धान्यातले लोह अंगी लावते, हे आज प्रयोगशाळा सांगते. ज्या वावरात तणनाशक फवारले जाते तेथे चिवळही उरत नाही आणि तरोटाही. ती तणे खरीच, पण कोणाच्या तरी जेवणातली भाजीही होती.

आता आम्हांस आमच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, एरवी हा लेख अप्रामाणिक होईल. शासनाच्या नोकरीत आमची तीसहून अधिक वर्षे गेली, त्यांतली पुष्कळशी सोयाबीनच्या प्रसारात. माळव्यात आम्ही जीपमधून बियाण्याच्या पिशव्या वाटीत हिंडलो. लक्ष्यांक हेक्टरांत असे. किती हेक्टरांवर नवे पीक गेले ते दरमहा कळवावे लागे; त्या हेक्टरांवर आधी काय होते, हा रकाना तक्त्यात नव्हताच, आणि तो असावा असे आम्ही एकदाही सुचविले नाही. सोयाबीनने माणसांना पैसा दिला, हे आम्ही नाकारीत नाही. पावसाळ्यात पडीक राहणारी माळव्यातली काळी जमीन त्याने लागवडीखाली आणली, पक्की घरे बांधली, मुलींना महाविद्यालयात धाडले. आत्याच्या घराचे छतही त्याच पैशाचे. पण पांढुर्णा-सौसरसारख्या मुलखात त्याने पडीक जमीन भरली नाही. ज्वारी, मूग, बरबटी ह्यांच्या जागेवर ते बसले. कडबा गेला, म्हणून बैल गेले. बैल गेले म्हणून शेणखत गेले, आणि जे वावर घरच्या घरी पोसले जाई ते पोत्यांतल्या खतावर आले. 'पोळ्याला आता गावात किती जोड्या?' असे आम्ही विचारले, तर आत्याने उत्तर दिले नाही. हाताची बोटे उघडली आणि त्यांतलीही दोन मिटली.

त्या रात्री झोप लागेना. मनात राहून राहून इंदूरच येत होते. आपल्यापैकी कित्येक जण इंदूरच्या कृषी महाविद्यालयावरून रोज जातात. १९२४ साली त्या आवारात होळकर संस्थानच्या भूमीवर वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली, आणि तेथे अल्बर्ट हॉवर्ड ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या शेतकऱ्यांचे उकिरडे पाहून कंपोस्ट करण्याची जी रीत बसविली ती जगभर 'इंदूर पद्धती' ह्या नावाने गेली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती, राख, ह्यांचे थर. ठरावीक दिवसांनी वरखाली. तीन महिन्यांत खत. कठीण पराट्या-तुराट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, असाही त्यात उपाय होता. १९३१ साली त्या कामावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड हे नाव छापलेले आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासातले एक आरंभीचे पुस्तक, आणि त्यावर आपल्यातले नाव! आमच्या नोकरीच्या सबंध काळात ते आम्हांस कोणी सांगितले नाही. १९३५ साली महात्माजी इंदूरला आले तेव्हा ती पद्धत पाहण्यास मुद्दाम त्या संस्थेत गेले होते.

आणि येथून दक्षिणेला, नागपूरच्या पलीकडे वर्धा. तेथे मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा ह्यांनी ताट आणि जमीन ह्यांचे गणित मांडले. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक जबलपूरच्या तुरुंगात लिहिले गेले. त्यांची पद्धत साधी होती. एक लाख लोकवस्तीचा मुलूख घ्यावा. त्या माणसांना रोज धान्य, डाळ, गूळ, तेल, दूध, भाजी, फळ किती हवे ते ठरवावे. मग त्यासाठी कोणत्या पिकाखाली किती जमीन हवी ते काढावे, आणि उरेल तीत बाजाराची पिके घ्यावीत. तत्पूर्वी १९३८-३९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते; तेव्हा छिंदवाडा त्याच प्रांतात होता. म्हणजे आज आम्ही जे मागणार आहोत ते ह्याच मुलखातल्या सरकारला एकदा सांगून झाले आहे.

मागणी काय? संत्रा उपटा, सोयाबीन बंद करा, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. आतेभावाने कर्ज फेडायचे कशाने? पण शासन एका हाताने जे करते ते दुसऱ्या हाताला कळावे, एवढे तरी व्हावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे. त्याचा दर किलोला एक रुपया ठरला होता, आणि जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांना धान्य विनामूल्य मिळते. आत्याच्या शेजारच्या मजूर बाईच्या पिशवीत आम्ही पाहिले ते गहू आणि तांदूळ होते. ज्वारीचा आधारभाव केंद्र दरवर्षी जाहीर करते. २०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये आणि तुरीला ८,००० रुपये. आतेभावाला हे आकडे पाठ होते. 'काटा कुठे लावतील ते सांगा,' एवढेच तो म्हणाला. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४८१ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातून तो जीवामृत करायला शिकेलही. पण त्या वावरातली ज्वारी कोण घेणार, ह्या त्याच्या प्रश्नाला त्यात उत्तर सापडत नाही. आपल्या राज्याने कोदो-कुटकीला क्विंटलमागे हजार रुपयांचे प्रोत्साहन दिले, ते उत्तमच झाले. पण कोदो-कुटकी डिंडोरी-मंडल्याकडची. पांढुर्णा-सौसरचे भरड धान्य ज्वारी आहे.

ओडिशाने हे करून दाखविले आहे. तेथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या भरडधान्य अभियानात नाचणीची शेती, सरकारी खरेदी आणि अंगणवाडीतले लाडू ही तिन्ही टोके एकत्र बांधली गेली. कर्नाटकाने शिधादुकानांतून उत्तरेत ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी दिली. आपल्याकडे हे सबंध राज्यात एकदम होणे कठीण, हे आम्ही नोकरीत पाहिले आहे. पांढुर्णा जिल्हा मात्र नवा आहे, लहान आहे. जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांना आणि शाळांच्या मध्यान्ह भोजनाला वर्षभर लागणारी ज्वारी व तूरडाळ जिल्ह्यातच, मिश्र पेरणी करणाऱ्यांकडून, आधारभावाने घ्यावी. पेरणीपूर्वीच किती घेणार ते सांगावे. मळणीयंत्र आणि रानडुकरांपासून राखणीचे कुंपण गावगटाला द्यावे. पाखरांचे काय करायचे ते आत्यालाही ठाऊक नाही, आम्हांसही नाही. सगळ्यांनी मिळून ज्वारी पेरली तर पाखरे वाटली जातात, एकट्याने पेरली तर त्याचेच वावर खातात, एवढे मात्र ती म्हणाली, आणि ते आम्हांस पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून आम्ही ह्याच आशयाचे पत्र लिहिले, जिल्हाधिकाऱ्यांना एक आणि भोपाळला एक. हिंदीत लिहिले, सरकारी हिंदी अजून हाताला विसरलेली नाही. सून शेजारी तांदूळ निवडीत बसली होती. पत्र पुरे झाल्यावर आत्याने ते मोठ्याने वाचायला लावले, आणि प्रत्येक वाक्याचे मराठी करून घेतले. सगळे ऐकून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले,

'अंबाडी लिहिली का?'

लिहिली नव्हती. ज्वारी होती, तूर होती, मूग आणि बरबटीही होती. आम्ही चष्मा पुन्हा चढविला आणि दोन्ही प्रतींत, डाव्या समासात, शाईने 'अंबाडी' असे लिहून खाली सही केली. तिला हिंदीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवले नाही, म्हणून शब्द मराठीच राहू दिला. सुनेने तांदळाचे सूप बाजूला ठेवून पाकिटे चिकटविली, आणि पांढुर्ण्याला गाडी धरण्यापूर्वी आम्ही ती एकेक करून पेटीत टाकली.